सूत नसलेली जागा

लागोस शहरात शनिवार हा समारंभाचा वार आहे. विवाह असो, एखाद्या आजीचा ऐंशीवा वाढदिवस असो, बारसे असो किंवा नातवंडे-पतवंडे पाहून निवर्तलेल्या वृद्धाचा उत्तरविधी असो, त्या दिवशी शहराच्या मंडपांतून आणि सभागृहांतून शेकडो माणसे एकाच जातीचे कापड अंगावर घेऊन जमतात, वाद्ये वाजत राहतात, जोलोफ भाताची पातेली रिती होतात, आणि या एकंदर थाटाला योरुबा लोक ‘ओवाम्बे’ म्हणतात. ज्या योरुबा शब्दांपासून हे नाव झाले त्यांचा अर्थ ‘ते तिथे आहे’ इतकाच. तिथे काय आहे, हे मात्र दारातून पाऊल आत टाकताच कळते, आणि सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते कापड.

या समारंभांतील स्त्रीवेशाची मूळ घडण साधी आहे. कमरेभोवती गुंडाळायचे रुंद वस्त्र ते ‘इरो’. त्यावर सैल अंगाचा, रुंद बाह्यांचा ‘बुबा’. खांद्यावर टाकायचा किंवा कमरेला वेढायचा पट्टा तो ‘इपेले’. आणि मस्तकावर पंख्यासारखे उभे राहणारे शिरोवस्त्र ते ‘गेले’, ज्याला मराठी वाचकाने क्रियापद समजू नये. पुरुष ‘अग्बादा’ हा घोळदार झगा घालतात आणि डोक्याला ‘फिला’ नावाची टोपी. हा योरुबांचा वेश झाला. इग्बो स्त्रिया एकावर एक दोन वेष्टने नेसून वर झिरझिरीत पोलके घालतात. बेनिन शहराच्या एदो लोकांत वधूचे मस्तक, गळा आणि खांदे पोवळ्यांनी झाकलेले असतात. परंतु गेल्या साठ वर्षांत या सर्वांच्या समारंभांत एक वस्तू समान झाली आहे, आणि ती म्हणजे भरतकामाने खुललेले विरळ, पारदर्शक वस्त्र. ते कसे घडते, कुठून आले आणि त्याची रचना करणाऱ्याला कशाकशाचा विचार करावा लागतो, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, की नायजेरियात असा वेश ही सहसा एकट्या व्यक्तीच्या मर्जीची बाब नसते. ‘अशो’ म्हणजे वस्त्र आणि ‘एबी’ म्हणजे कुटुंब. ‘अशो एबी’ म्हणजे कुटुंबाचे वस्त्र. यजमान घराणे समारंभापूर्वी एक कापड आणि एक रंग मुक्रर करते, वधूपक्षाचा एक आणि वरपक्षाचा दुसरा, आणि आप्त, स्नेही, शेजारी, कचेरीतले सोबती ते कापड त्या घराण्याकडून विकत घेऊन आपापल्या शिंप्याकडे नेतात. कापड सर्वांचे एक, शिवण प्रत्येकाची निराळी. या दस्तुरापायी खर्च फार होतो, ऐपत नसलेल्यालाही नकार देणे जड जाते, अशी तक्रार नायजेरियातच नित्य ऐकू येते आणि ती खोटी नाही. तथापि ज्या समाजात आपल्या सुखदुःखाला कोण उभे राहिले हे नुसत्या नजरेने मोजता येते, आणि वीस वर्षांनी पेटीतून निघालेल्या एका कापडावरून त्या दिवसाची सगळी माणसे आठवतात, त्या समाजाच्या या रिवाजाला केवळ दिखाऊपणा म्हणून बाजूला सारणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय त्यातून कलेला एक विलक्षण शिस्त लागली आहे. लेस या नावाने ओळखले जाणारे हे विरळ कापड पाच वारांच्या तुकड्यांनी विकले जाते. तेव्हा साडेचार मीटरांहून थोडे अधिक कापड, तेही शेकडो जणींकडे असलेले, एवढ्या भांडवलावर आपले वेगळेपण सिद्ध करणे हे लागोसच्या शिंप्याचे रोजचे कसब होय.

नायजेरियात ज्याला लेस म्हणतात, योरुबा उच्चाराने ‘लेसी’, ती शास्त्रार्थाने लेस नव्हेच. खरी लेस सुतापासूनच, कापडाचा आधार न घेता, सुई किंवा फिरक्यांच्या साह्याने विणली जाते. नायजेरियाची लेस हे यंत्रावर केलेले भरतकाम आहे. त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात तलम सुती व्हॉइलवर भरतकाम करून मधूनमधून भोके पाडतात आणि त्यांच्या कडा टाक्यांनी बांधून घेतात. दुसऱ्यात षट्कोनी छिद्रांच्या जाळीवर वेलबुट्टी भरतात. ही जाळी यंत्रावर विणण्याची युक्ती इंग्लंडच्या जॉन हीथकोट याने १८०८च्या सुमारास सिद्ध केली, आणि तिला ‘ट्यूल’ हे नाव फ्रान्समधील त्याच नावाच्या गावावरून मिळाले. तिसरा प्रकार सर्वांत नवलाचा आहे. त्यात दाट भरतकाम अशा कापडावर करतात की जे पुढे विरघळवून टाकायचे असते. पूर्वी त्यासाठी दाहक रसायने लागत, आता गरम पाण्यात विरघळणारी कापडे मिळतात. आधार नाहीसा होतो आणि एकमेकांना धरून राहिलेले टाके तेवढे उरतात. एका प्रकारात कापड कापले जाते, एकात ते मुळातच विरळ असते, आणि एकात ते सर्वस्वी वाहून जाते. तिन्हींत शोभा जितकी सुताची तितकीच सूत नसलेल्या जागेची असते, आणि अशा वेशाची रचना करणे म्हणजे मुख्यत्वेकरून कापड कुठे नसावे याचा निर्णय करणे, असे मला या विषयाचा जो काही परिचय आहे त्यावरून वाटते.

हे कापड लागोसला पोचले कसे, याची हकीकत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सुरू होते. ऱ्हाईन नदीच्या एका बाजूला स्वित्झर्लंडचे सेंट गालेन आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाच्या फोरार्लबेर्ग प्रांतातील लुस्टेनाउ हे गाव. अठराव्या शतकात सेंट गालेनचे व्यापारी पलीकडच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांना घरबसल्या भरतकामाचा मक्ता देत, आणि ही कुटुंबे जे काम करीत ते ताणलेल्या कापडात आकडेदार सुई घालून ओढलेल्या साखळीटाक्याचे, म्हणजे पूर्वेकडून युरोपात पोचलेल्या पद्धतीचे होते. आपल्याकडे त्याच सुईला आरी म्हणतात. पुढे १८६३ मध्ये इझाक ग्रोब्ली या स्विस कारागिराने जे यंत्र रचले त्यात शिवणयंत्राप्रमाणे दोन धागे गुंततात, एक पुढून सुईचा आणि एक मागून धोट्याचा. तो धोटा लहान होडीच्या आकाराचा असल्यामुळे यंत्राला ‘शिफ्ली’, म्हणजे होडुकले, असे नाव पडले. उभ्या ताणलेल्या लांबलचक कापडासमोर शेकडो सुयांची रांग, आणि दोन सुयांतील अंतर जुन्या फ्रेंच इंचाएवढे, सुमारे २७ मिलिमीटर. सर्व सुया एकाच वेळी एकच हालचाल करतात, म्हणून बुट्टीची पुनरावृत्ती नेहमी याच अंतराच्या पटीत होते. १८९८ मध्ये ग्रोब्लीच्या मुलाने भोके पाडलेल्या कागदी पट्टीच्या आज्ञेने हे यंत्र चालविण्याची सोय केली. आज आज्ञा संगणक देतो, परंतु नायजेरियातील लेसच्या पाच वारी तुकड्यावर पट्टी ठेवून फुलाफुलांमधले अंतर मोजले, तर तो जुना फ्रेंच इंच अजून हाती लागतो.

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. त्या दशकात लुस्टेनाउच्या पेढ्यांना पश्चिम आफ्रिकेची बाजारपेठ सापडली, आणि पुढच्या दशकात खनिज तेलाचा पैसा आला तेव्हा या मालाला ऊत आला. येथे नायजेरियन व्यापारी स्त्रियांची कामगिरी विशेष नमूद केली पाहिजे. लागोस बेटावरच्या बलोगुन बाजारात बसणाऱ्या या स्त्रिया युरोपने जे पाठविले ते मुकाट्याने विकीत बसल्या नाहीत. त्या स्वतः ऑस्ट्रियाला जात, नमुन्यांच्या वह्या चाळीत, रंग बदलून मागत, फूल मोठे करा, जमीन अधिक मोकळी सोडा, असे बजावीत, आणि त्या आल्पीय गावातले नक्षीकार त्यांच्या आवडीबरहुकूम काम करीत. ज्या कापडाला आज सारे जग नायजेरियन म्हणून ओळखते, त्याचे सूत आणि यंत्र परके असले तरी त्यावरची निवड त्या स्त्रियांची होती. एवढे परकीय चलन लेसवर जाताना पाहून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियाच्या लष्करी सरकारने तिच्या आयातीला बंदी केली. तरी माल शेजारच्या बेनिन देशातून चोरवाटेने येत राहिला, आणि जकातीच्या चौकीवर अडकलेल्या गाठोड्यांमुळे लेसची प्रतिष्ठा कमी न होता वाढलीच. या देवघेवीचा इतिहास सांगणारे एक प्रदर्शन २०१० मध्ये व्हिएन्नाच्या मानववंशविषयक संग्रहालयात आणि पुढे लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरले होते. दोन्ही देशांच्या संग्रहालयांनी ते मिळून उभारले, हे मला फार उचित वाटते.

परंतु विरळ वस्त्राचे प्रेम नायजेरियाला लुस्टेनाउने शिकविले असे कोणी समजू नये. योरुबांचे हातमागावरचे ‘अशो ओके’ हे अरुंद पट्ट्यांचे कापड, ज्याच्यासाठी ओयो प्रांतातील इसेयिन हे गाव प्रसिद्ध आहे, त्यातही विणताना छिद्रांच्या ओळी सोडण्याची रीत आहे. आणि नायजर नदीच्या मुखाशी, खारफुटीच्या बेटांवर राहणाऱ्या कलाबारी लोकांनी तर केवळ उणे करून नक्षी उमटविण्याची कला सिद्ध केली आहे. त्यांच्याकडे मद्रासचे चौकड्यांचे सुती कापड शतकानुशतके समुद्रमार्गाने येत आले. त्याला ते ‘इंजिरी’ म्हणतात, आणि हा शब्द ‘इंडिया’चाच अपभ्रंश असल्याचे सांगतात. कलाबारी स्त्री हे कापड मांडीवर घेते, सुईच्या टोकाने एक सूत उचलते, धारदार पात्याने त्याच्या दोन बाजू छेदते आणि तो एवढासा तुकडा ओढून काढते. मग पुढचे सूत. आडवे सूत काढले की एक छाया उमटते, उभे काढले की दुसरी, दोन्ही काढली की इवलेसे भोक पडते. असे तासन्‌तास, दिवसेंदिवस चालते, आणि अखेर त्या ठसठशीत चौकड्यांमधून एक नवी, वाऱ्यासारखी हलकी नक्षी वर येते, जी मद्रासच्या विणकराच्या स्वप्नातही आली नसेल. याला ‘पेलेते बिते’, म्हणजे सूत कापलेले वस्त्र, असे म्हणतात. अमेरिकन विदुषी जोअ‍ॅन आयकर आणि कलाबारी विद्वान टोन्ये एरेकोसिमा यांनी या वस्त्राचा अभ्यास करून असा सिद्धान्त मांडला, की परके कापड निवडणे, त्याला आपले नाव देणे, त्याला आपल्या विधीत स्थान देणे आणि शेवटी त्याचे रूप पालटणे, या क्रमाने एखादा समाज परकी वस्तू खरोखर आपली करतो. लेसच्या बाबतीत सबंध नायजेरियाने तेच केले. इग्बो स्त्रियांच्या ‘जॉर्ज’ नावाच्या वेष्टनवस्त्राचे नावही मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून पडले असे मानतात, आणि त्या जॉर्जवरचे टिकल्यांचे व मण्यांचे भरतकाम आजही मोठ्या प्रमाणावर भारतात होते.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. पहिला प्रश्न जमिनीचा, म्हणजे भरतकाम ज्यावर करायचे त्या कापडाचा. व्हॉइल सुती असल्यामुळे लागोसच्या दमट उष्म्यात अंगाला सुखावते आणि घाम शोषते. सकाळच्या विधींना आणि वडीलधाऱ्या स्त्रियांना ते शोभते. ऑर्गंझा करकरीत असतो, फुगीर बाही त्याचीच उभी राहते. पण तो ताणत नाही आणि कापलेल्या कडेने त्याची सुते सुटत जातात. जाळी सर्वांत पारदर्शक आणि अंगासरशी बसणारी, म्हणून सायंकाळच्या स्वागतसमारंभाला तिचा मान. परंतु ती सर्वांत अवघडही. जाळी एका दिशेने अधिक ताणते. तिच्यावर काचेचे मणी भरले की वजन तिला खाली ओढते, आणि शिवताना घोट्यापर्यंत असलेला घेर समारंभाच्या सायंकाळी जमिनीवर लोळू लागतो. म्हणून अनुभवी शिंपी मणी भरलेले कापड बेतण्यापूर्वी रात्रभर टांगून ठेवतो, त्याला जेवढे लांबायचे आहे तेवढे लांबू देतो, आणि जिथे भार अधिक तिथे जाळीचे दोन पदर घेतो.

दुसरा प्रश्न देहाचा. जुन्या पिढीने लेसखाली पूर्ण अंगाचा, त्याच रंगाचा किंवा मुद्दाम विरुद्ध रंगाचा आतला झगा घातला आणि प्रश्न मिटवला. पिवळ्या लेसच्या भोकांतून जांभळे अस्तर डोकावू लागले की एकाच कापडाचे दोन रंग होतात, ही युक्ती आजही उत्तम आहे. नव्या पिढीला मात्र असे वस्त्र हवे असते की ज्यात बुट्ट्या थेट त्वचेवर उमटल्यासारख्या दिसाव्यात. त्यासाठी छातीपासून कमरेपर्यंत आत पट्ट्या घातलेली घट्ट चोळी शिवतात, आणि तिच्यावर, खांद्यांवर, बाह्यांवर, पाठीवर त्वचेच्या रंगाची महीन जाळी चढवतात. त्वचेच्या रंगाची म्हणजे कोणाच्या त्वचेच्या, हा प्रश्न इथे केवळ सौंदर्याचा राहत नाही. युरोपच्या कापडबाजाराने पुष्कळ वर्षे फिकट गुलाबी-पिवळसर रंगालाच ‘त्वचेचा रंग’ असे नाव देऊन ठेवले होते, जणू पृथ्वीवर दुसऱ्या वर्णाचे मनुष्य नाहीच. लागोसच्या वधूसाठी शेंगदाण्याच्या सालीपासून भाजलेल्या कॉफीच्या बीपर्यंत तपकिरी छटांची ओळ लागते, आणि हवी ती छटा बाजारात मिळाली नाही तर जाळी रंगवून घ्यावी लागते. हा रंग मनगटाशी नव्हे, तर गळ्याखालच्या त्वचेशी जुळवून पाहावा, एकदा उन्हात आणि एकदा दिव्याखाली. कारण दिवाणखान्यात बेमालूम मिसळलेली जाळी छायाचित्रकाराच्या झगझगीत प्रकाशात राखाडी दिसू शकते, आणि नायजेरियन समारंभात छायाचित्रे किती काढली जातात हे सांगायला नको.

मग भरतकामाची वाटणी. ज्याला वाटते की जितके अधिक भरले तितके वैभव अधिक, त्याने पारदर्शक कापड घेण्याचे कारणच नाही. त्याने मखमल घ्यावी. विरळ वस्त्रावर घनता एका ठिकाणी साचते आणि तिथून पातळ होत जाते, जसे किनाऱ्याजवळ पाणी उथळ होत जाते. बहुधा ही घनता छातीच्या मध्यावर आणि खालच्या काठाशी ठेवतात, आणि कमरेच्या दोन बाजूंना, बाहीच्या मध्यभागी, पाठीच्या कण्यालगत जागा मोकळ्या सोडतात. वाराने मिळालेल्या लेसवर ही वाटणी हाती नसते. तिथे शिंपी कात्री चालवतो. लेसच्या लांबीच्या दोन्ही कडांना कंगोरे असतात. ते तो अलगद कापून घेतो आणि गळ्याला, बाहीच्या तोंडाला, पायघोळाला पुन्हा बसवतो, मोठी फुले सुटी करून रिकाम्या जाळीवर टाचतो, आणि पाच वारांतली एक पाकळीही वाया जाऊ देत नाही. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकून १९६०च्या सुमारास लागोसला परतलेल्या शादे टॉमस-फाम यांनी इरोला झिप लावून त्याचा घागरा केला आणि आधीच बांधून ठेवलेले गेले विक्रीस आणले. देशी वेशाची शान न घालवता त्यात आधुनिक सोय आणण्याची जी वाट त्यांनी घालून दिली, तिच्यावरूनच आजचे हे सगळे कारागीर चालत आहेत.

ज्याची ऐपत आहे तो मात्र कापड आधी बेततो आणि भरतकाम मागून करवतो, आणि असे काम पुष्कळदा मुंबईच्या अड्ड्यांवर येते. अड्डा म्हणजे चार लाकडी दांड्यांची चौकट. तिच्यावर जाळी ढोलाच्या चामड्यासारखी ताणलेली असते आणि दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसलेले असतात. प्रथम खाका येतो. पातळ कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडलेली असतात. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी पुसली की भोकाभोकांतून नक्षी खालच्या जाळीवर उतरते. मग आरी. उजव्या हातात वरून आरी, डाव्या हातात खालून धागा. आरीचे टोक खाली बुडते, आकड्यात धागा घेऊन वर येते, दरवेळी एक कटदाणा किंवा टिकली टाक्यात अडकवून पुढे सरकते, आणि हे इतक्या त्वरेने होते की पाहणाऱ्याला मणी आपणच रांगेत येऊन बसतात असा भास व्हावा. जाड कापडावर काम करणारा कारागीर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना धागा खालून तसाच ओढून नेतो. जाळीवर ही मुभा नाही. खालचा प्रत्येक उडता धागा वरून कोळ्याच्या तंतूसारखा दिसतो, म्हणून प्रत्येक फुलाशी धागा बांधायचा, तोडायचा आणि पुन्हा नव्याने सुरू करायचा. पारदर्शक वस्त्राची मजुरी अधिक का पडते, याचे उत्तर या गाठींत आहे.

शिवणीची जागा हा सर्वांत नाजूक भाग. शिवणयंत्राची सुई काचेच्या मण्यावर आपटली की तुटते. म्हणून शिवणीच्या रेषेवरचे मणी आधी काढावे लागतात. ते कात्रीने कापून काढायला जावे तर अनर्थ होतो, कारण आरीचा टाका साखळीचा असतो, आणि एके ठिकाणी धागा तुटला की सगळी साखळी उसवत जाऊन वीतभर मणी जमिनीवर घरंगळतात. तेव्हा शिंपी बारीक पक्कड घेतो आणि एकेक मणी जागच्या जागी चिरडतो. काच फुटते, धागा शाबूत राहतो. मग मोकळा झालेला धागा तो सुईने मागे बांधून टाकतो, शिवण घालतो, आणि शिवण घालून झाल्यावर तिच्यावर तसेच नवे मणी हाताने टाचतो, म्हणजे वेल एका अंगावरून दुसऱ्या अंगावर अखंड गेलेली दिसते. नुसत्या जाळीचे जोड असतील तर सरळ शिवण घालायचीच नाही. दोन भाग एकमेकांवर ठेवायचे, वरच्या भागातील फुलांच्या कडेकडेने कापायचे आणि त्या नागमोडी वाटेने बारीक हातटाके घालायचे. अशा वस्त्राला आतली बाजू नसते. जे काही दडवायचे ते उघड्यावरच दडवावे लागते.

इतके झाल्यावर हा वेश उभा असताना सुंदर दिसेल. परंतु नायजेरियन समारंभात त्याला उभे राहायला सवड फारशी मिळत नाही. योरुबा वाङ्‌निश्चयाच्या विधीत, दोन्ही पक्षांच्या सूत्रधार स्त्रियांच्या गाण्याबोलण्याच्या गजरात, वर सासरच्या मंडळींपुढे साष्टांग लोटांगण घालतो, आणि वधू आईवडिलांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेते. गुंडाळलेल्या इरोला गुडघे टेकणे कधीच जड गेले नाही, त्याचा पदर आपोआप उघडून वाट देतो. मत्स्यकन्येसारखा गुडघ्यापर्यंत आवळलेला जाळीचा घागरा मात्र त्या क्षणी फाटायचा. म्हणून मागच्या बाजूला, फुलांच्या आड, एक चीर ठेवतात किंवा गुडघ्याखाली पाकळ्या जोडून घेर देतात, आणि गुडघ्याच्या पातळीवर मणी भरीत नाहीत. एक तर ते टोचतात, आणि दुसरे म्हणजे ते फुटतात. पुढे नृत्य सुरू होते. नाचणाऱ्याच्या कपाळावर, खांद्यावर नोटा चिकटवून त्याचा गौरव करण्याची रीत आहे. २००७च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्याने ती अपराध ठरविली असली तरी ती पुरती गेलेली नाही. नाचताना हात वर जातात, कमर खाली येते, आप्तेष्ट गळ्यात पडतात आणि त्यांच्या लेसचे टोक वधूच्या मण्यांत अडकते. याकरिता काखेत ताणणाऱ्या जाळीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालावा लागतो, आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे हात अंगाला घासतो, तिथे रेशमी धाग्याचे सपाट काम करून मणी टाळावे लागतात.

आणि शेवटी गेले. कडक, चकाकत्या कापडाची ही लांब पट्टी घडीवर घडी घालून मस्तकाभोवती बांधली जाते, आणि बांधून झाल्यावर स्त्रीची उंची वीतभर वाढते, खांदे लहान दिसू लागतात, मान लांब दिसू लागते. सबंध वेशाचे प्रमाण एका क्षणात बदलते. त्यामुळे विचारी रचनाकार अखेरचे माप गेले बांधल्याशिवाय घेत नाही. वधूला आरशासमोर उभी करून, केस झाकून, पोवळ्यांची माळ गळ्यात घालून तो दूर सरतो आणि बराच वेळ नुसता पाहत राहतो. कागदावर जे गळ्याचे काम नेमके वाटले होते ते आता वरच्या घड्यांच्या आणि खालच्या माळेच्या मध्ये दाटल्यासारखे दिसते. मग तो पुढे येतो, गळ्याच्या हाडाशी असलेले एक फूल बोटाने झाकून पाहतो, वधूला विचारतो, तिच्या आईला विचारतो, आणि त्यांनी होकार दिला की बारीक कात्रीचे टोक गाठीखाली घालून, चार दिवस खपून भरलेले ते फूल उसवून काढतो.